टीव्हीवर होतास ना, मग दुकानात काय करतोस?

यावेळचं पत्र कुडाळ बाजूचं आहे. लिहिणारा ३१ वर्षांचा, नाव छापू नका म्हणतो, मालिकेचंही नको म्हणतो. मोठं पत्र आहे, कापून देते.

"मावशी, मी एका डेली सोपमध्ये दोन वर्षं हिरोच्या चुलत भावाचं काम केलं, जरा निगेटिव्ह होतं, लोकांना आवडलं. त्याआधी चार वर्षं राज्य नाट्य स्पर्धा आणि गावात हौशी दशावतार. मे महिन्यात मालिका संपली. दहिसरला रूमवर राहून ऑडिशन देत होतो, हल्ली बहुतेक व्हिडिओ करूनच पाठवायच्या असतात, एकीचंही पुढे काही झालं नाही. चतुर्थीला घरी आलो तो परत गेलोच नाही. बाबांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आत जातो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो, टीव्हीवर होतास ना, मग दुकानात काय करतोस? मग बाबा उठून येतात, त्यांचा गुडघा दुखतो. आता जत्रांचा सीझन सुरू होतोय. एका दशावतार कंपनीचे मालक म्हणतात पूर्ण सीझन आमच्याकडे ये. मित्र म्हणतात टीव्हीवरून डायरेक्ट जत्रेत म्हणजे खाली आलास. मुंबईहून एकाचा सारखा फोन येतो, पंचवीस हजार भर, नवीन मालिकेत रोल पक्का. आईने मुली बघायला घेतल्यात आणि मुलीकडचे विचारतात सध्या काय चालू आहे. मी मुंबईला जाऊन वाट बघू की इथेच राहू?"

अरे बाबा, आधी त्या पंचवीस हजारवाल्याचा नंबर ब्लॉक कर आणि मग पुढचं वाच. झालं? प्रोड्यूसर नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही. कार्ड काढायचे, रजिस्ट्रेशनचे, लुक टेस्टचे, नावं दर वर्षी बदलतात, माणसं तीच. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन असतं, पण ते काम मिळाल्यावर आलेल्या पैशातून जातं, आधी नाही. तू दोन वर्षं सेटवर काढलीस, तुला हे माझ्याइतकंच माहितीये, आणि तरी तू त्याचा फोन उचलतोस, त्यावरूनच मला कळलं की तू किती घाबरलायस.

मला तुझ्या पत्रातली एक तारीख दिसली. मालिका मेमध्ये संपली, आणि मालिकेचे पैसे म्हणजे नव्वद दिवसांची उधारी, मे महिन्यात केलेल्या दिवसांचे पैसे ऑगस्टमध्ये. म्हणजे ऑगस्टपर्यंत तुझ्या खात्यात काही ना काही येत होतं आणि तुला वाटत होतं की चाललंय, जरा गॅप आहे एवढंच. चतुर्थीला घरी आलास तेव्हा शेवटचे पैसे येऊन गेलेले होते. तू आळसाने परत गेला नाहीस असं नाही, तुला तेव्हा खरं रिकामपण कळलं. हे सगळ्यांचं असंच होतं, मालिका संपते तेव्हा नाही, पैसे संपतात तेव्हा कळतं.

माझं म्हणशील तर जवळजवळ तीस वर्षं हेच केलं मी, नाटक आणि मालिका, आता गुहागरकडे घरी असते. एका मालिकेत मी हिरॉइनची आत्या होते. दोन तीन गुरुवार टीआरपी पडला, मग लीप घ्यायचं ठरलं, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे, आणि लीपमध्ये आत्या गेली. मला कधी कळलं, तर आदल्या दिवशी मेकअपच्या खुर्चीत, तेही मेकअपदादाकडून. पुढे आठ महिने माझा चंदनाचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात, सगळं कुटुंब त्या फोटोसमोर उभं राहून रडायचं, आणि मी इकडे एसटीने फिरत होते, कारण फोटोला हजेरी असते, नटाला नसते. चिपळूण स्टँडवर एक आजी माझा हात धरून म्हणाली, अगं बाय, तू मेलीस ना? म्हटलं हो आजी, पण तिकीट काढावंच लागतं.

तेव्हा हसले, घरी येऊन रडले. दुसऱ्या एका प्रोड्यूसरने चार महिन्यांचे पैसे ठेवून घेतले, मालिका बंद पडली, ऑफिसही बंद, ते पैसे अजून यायचेत. तेव्हापासून मी वही ठेवते, कोणत्या तारखेला शूट केलं, किती वाजता कॉल, किती वाजता पॅकअप, किती आले, किती टीडीएस कापला. तूही ठेव. आणि ते दहा टक्के टीडीएस कापलेले असतात ना, या वर्षी कमाई कमी म्हणजे त्यातले बरेचसे परत मिळायला हवेत, रिटर्न भर वेळेत. मुलं भरतच नाहीत, म्हणतात आता कमाईच नाही तर रिटर्न कसला. अरे म्हणूनच तर भरायचा.

आता दुकान. हे तुझं खरं दुखणं आहे, ऑडिशन नाही.

नट म्हणजे चोवीस तास नटच, दुसरं काही केलं की तो संपला, हे आपल्याकडे तसं नवीनच आहे. जुन्या संगीत नाटक कंपन्यांत नट बिऱ्हाडासकट कंपनीत असायचे हे खरं, पण त्या कंपन्या मोडल्यावर पुढे कितीतरी वर्षं मराठी रंगभूमी ओढली ती नोकरदारांनी, बँकेतले, रेल्वेतले, मंत्रालयातले, दिवसा टेबलावर आणि संध्याकाळी तालमीला. आपल्या चिपळूणचे काशिनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर होते. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं ते १९६९ साली, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. निळू फुले पुण्यात माळीकाम करत होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरीला होते आणि २०२२ मध्ये त्यांनी १२,५०० वा प्रयोग केला. घाणेकरांना कोणी विचारलं असेल का, की स्टेजवर असता ना मग दात का काढताय?

हे सगळं मोडलं ते डेली सोपने. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, मग बाकीची चॅनल, मग रोजच्या मालिका. बारा-बारा तासांची शिफ्ट, महिन्याला वीस-बावीस दिवस, उद्याचा कॉल टाइम आज रात्री व्हॉट्सॲपवर येणार आणि सीन तर सेटवर गेल्यावरच हातात पडणार, अशात बँकेतली नोकरी टिकणार कशी? नटांनी नोकऱ्या सोडल्या. पण मालिका काही नोकरी झाली नाही. ती तुला नोकरी सोडायला लावते आणि स्वतः दोन वर्षांनी निघून जाते, ग्रॅच्युइटी नाही की पीएफ नाही. वर जाता जाता एक लाज देऊन जाते, की आता तू दुकानात कसा बसणार, तू तर टीव्हीवरचा.

कोरोनात बघितलंस ना काय झालं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाल्यावर युनिटं गोव्याला आणि कुठे कुठे गेली, ज्यांचे गोष्टीतले ट्रॅक चालू होते तेवढ्यांनाच घेऊन. बाकीचे घरी. माझ्या ओळखीतले जे तरले ते असेच, कोणाचं दुकान होतं, कोणाची आंब्याची कलमं होती, कोणाची बायको शिक्षिका होती. आणि ज्यांचं यातलं काहीच नव्हतं त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

तर उद्यापासून काउंटरला तू बस. बाबांना खुर्चीत बसू दे, त्यांनी फक्त भाव सांगायचे. कोणी विचारलं, टीव्हीवर होतास ना, मग इथे काय करतोस, तर म्हणायचं, विकतोय, तुम्हाला काय देऊ? बस. तू आत पळतोस म्हणून तो प्रश्न मोठा झालाय. पहिले पंधरा दिवस विचारतील, सेल्फी काढतील, काढू दे, सेल्फीला आलेला माणूस एक एलईडी बल्ब तरी घेऊन जाईल. सोळाव्या दिवशी तुला विचारतील टू पिन आहे का. कोकणातला माणूस चौकशी फार करतो पण त्याची उत्सुकता टिकत नाही, पुढची बातमी आली की तो तिकडे.

आणि आता तुझे ते मित्र, खाली आलास म्हणणारे. त्यांच्यातला कोणी जत्रेत रात्रभर उभा राहिलाय का कधी, रंग लावून? विचार त्यांना.

मी सांगते तुझ्या आवाजाचं आणि अंगाचं गेल्या दोन वर्षांत काय झालंय ते, न बघता सांगते. मालिकेत माइक शर्टाच्या आत, कॉलरपाशी. आवाज लावायची गरजच नाही, उलट थोडा लावलास की साउंडवाला म्हणतो सर जरा कमी. सीन चार वाक्यांचा. आधी मास्टर, म्हणजे सगळे एका फ्रेममध्ये, मग तुझा क्लोज, म्हणजे नुसता चेहरा, मग समोरच्याचा क्लोज, त्या क्लोजला समोरचा असतोच असं नाही, असिस्टंट त्याची वाक्यं सपाट आवाजात वाचतो आणि तू त्याच्याकडे बघून डोळे बारीक करायचे. वाक्य विसरलास तर पुन्हा. दोन वर्षं हे केलं की शरीर तेच धरतं. मी सलग तीन वर्षं मालिका करून नाटकात परत गेले, रत्नागिरीला प्रयोग होता, पहिल्या अंकात माझं एक मोठं वाक्य संपलं आणि मी थांबले. का थांबले, तर क्लोजसाठी! समोरचा नट माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, मध्ये तीन सेकंद नुसती शांतता. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "आवाऽऽज!" तीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाण्यावर जाऊन ओरडायचे, समुद्र आपल्याकडे फुकट आहे.

आता तुझा दशावतार बघ. संध्याकाळी टेम्पोतून पेटारे उतरणार, देवळाच्या बाजूला नाहीतर शाळेच्या वर्गात चटई टाकून तू स्वतःचा रंग स्वतः लावणार, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात ब्रश, मेकअपदादा नाही आणि व्हॅनिटी व्हॅनही नाही. रंग लावता लावता कळणार आज कोणतं आख्यान लावायचंय आणि तू कोण आहेस. स्क्रिप्ट नाही. पालखी देवळाभोवती फिरून झाली की मध्यरात्र उलटल्यावर उभं राहायचं, मागे पायपेटी, मृदंग, झांज, समोर एक बाक, तोच राजवाडा आणि तेच अरण्य. समोरचा जुना नट असेल तर तो भर दरबारात तुला पुराणातला एक दाखला टाकणार आणि तुला तिथल्या तिथे उत्तर द्यायचंय, त्याच्याच तोडीच्या भाषेत, रिटेक नाही, आणि नाही आलं तर तो सोडत नाही, लोकांसमोर पिळतो. तीन वाजता अर्धा गाव गोणपाटावर झोपलेला, पोरं खाज्याची पुडी हातात धरून आडवी, आणि एक म्हातारी टक्क जागी. तिच्यासाठी पहाटेपर्यंत, दहीकाल्यापर्यंत खेचायचं. कुठल्याही ॲक्टिंगच्या वर्कशॉपला पैसे भरून तुला हे मिळणार नाही, आणि इथे मालक तुला पैसे देतोय आणि तू मला विचारतोयस खाली आलो का!

(एक मात्र आहे, हल्ली सगळीकडे ट्रिकसीन, धूर, उडणारे गरुड, डोकं उडालं की रक्त. लोकांना आवडतं, मालकांना करावं लागतं, मी समजू शकते. पण तू धुराच्या मागे लपू नकोस.)

मी काही दशावताराची जाहिरात करत नाहीये. कष्ट भयंकर आहेत. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सुरू झालं की वैशाखापर्यंत रात्रीच्या रात्री, झोप दिवसा, टेम्पोतला गारठा, घशाची वाट, अवेळी जेवण, आणि काही जणांचं त्या जागरणापायी पिणं वाढतं हे तुलाही माहितीये. म्हणून मालकांशी आधी सरळ बोलून घे. सीझनच्या किती रात्री, पैसे रात्रीवर की महिन्यावर, आणि मुख्य म्हणजे मला मुंबईहून ऑडिशनला बोलावलं तर माझ्या जागी कोण उभा राहील. हे शेवटचं पहिल्याच दिवशी सांग, अंगात शालू आणि डोक्यावर मुकुट असताना ऐनवेळी सांगू नकोस. कंपनीत माणसं मोजून असतात, एक गेला की सगळं आख्यान बदलावं लागतं. हो म्हटलास की सीझन पूर्ण कर. मालिकेने अर्ध्यात सोडलं तर तिला कोणी काही म्हणत नाही, पण तू जत्रा अर्ध्यात सोडलीस तर पुढची वीस वर्षं प्रत्येक देवळात ती गोष्ट सांगतील.

दहिसरची रूम सोड. डिपॉझिट परत घे, मित्राला म्हण कधी आलो तर दोन रात्री चटई टाकायला दे. व्हिडिओ तर तू घरूनही पाठवू शकतोस, दुकानात चांगल्या लाइटची कमी नाही ना तुझ्याकडे! मागे पांढरी भिंत घे, पंखा बंद कर, आवाज येतो त्याचा. आणि बोलावलंच प्रत्यक्ष तर कुडाळला कोकणकन्या नाहीतर तुतारी पकडायची, सकाळी मुंबईत. कोकण रेल्वे व्हायच्या आधी आम्ही रात्रभर एसटीत घाट मोजत जायचो, त्या मानाने तुझं बरं आहे. मुंबईत राहिलं की काम मिळतं हा समज जुना झाला. निगेटिव्ह काम करून जो चेहरा नुकताच रोज घरोघरी दिसलाय तो लगेच दुसऱ्या मालिकेत घ्यायला चॅनल बिचकतं, त्यांना फ्रेश चेहरा पाहिजे असतो, म्हणजे तुझा चेहरा जरा विसरला जायला पाहिजे, आणि ते दहिसरला महिन्याचं भाडं भरत बसून होण्यापेक्षा घरी फुकट झालेलं काय वाईट? व्यावसायिक नाटकाच्या दोन तीन व्यवस्थापकांना मात्र फोन करून ठेव, की रिप्लेसमेंटला माणूस लागला तर मी आहे. दौऱ्याचं नाटक कुडाळला किंवा मालवणला आलं की प्रयोगानंतर मागे जाऊन भेट, पण तोंड दाखवायला जाऊ नकोस, सेट काढायला हात लाव. बॅकस्टेजवाल्यांच्या लक्षात राहतो तो माणूस.

अजून एक खटकलं. तुझ्या आख्ख्या पत्रात एक मालवणी शब्द नाही. दोन वर्षांत घासून घासून काढलीस वाटतं. अरे, मच्छिंद्र कांबळींनी १९८० मध्ये 'वस्त्रहरण' आणलं, हजारो प्रयोग केले, थेट लंडनपर्यंत नेलं, ते याच भाषेवर. २०१६ मध्ये तुमच्याच आकेरीत 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग झालं आणि विदर्भातली माणसंसुद्धा मालवणीत बोलायला बघत होती. जे दुसऱ्यांना शिकावं लागतं ते तुझ्याकडे जन्मापासून आहे. दशावतारात राजाचं बोलणं भारदस्त, पण विनोदी पात्र आलं की मालवणीच, तर मालकांना सांग मला राजाबरोबर ते कामही द्या. निगेटिव्हवाला म्हणून शिक्का बसलाय तोही त्याने पुसेल.

राहिलं लग्नाचं. मुलीकडच्यांना "बोलणी चालू आहेत एका मालिकेची" असलं काही सांगू नकोस. घरचं दुकान आहे, सीझनला दशावतार करतो, मालिका मिळाली की करतो, गेल्या वर्षी एवढे मिळाले, या वर्षी एवढे, हे त्यांच्यासमोर आकड्यात सांग, ती वही आहेच. आणि मुलीला एकटीला विचार, मी सहा महिने रात्रीचा घरी नसेन, चालेल का. जी नाही म्हणेल तिचं चुकलं असं नाही. माझं लग्न ठरताना हे कोणी बोललं नव्हतं आणि नंतर आम्ही दोघांनीही ते पुष्कळ वर्षं काढलं, असो.

पहिली जत्रा कोणत्या गावात लागतेय ते कळव, मला त्या बाजूला यायचंच आहे, भाचीकडे. रात्री तुला बघेन, पुढे बसणार नाही, मागे बसेन, आवाज पोचतो की नाही ते तिथूनच कळतं. आणि हो, माझा पंखा महिनाभर रडतखडत फिरतोय, इथला माणूस म्हणतो कंडेन्सर गेला. अडीचचा लागतो म्हणे, तुमच्याकडे असेल तर एक बाजूला काढून ठेव. बाबांना भाव विचार.